कॉलेजाचा कौल

सखाराम गुरवाला कधी कोणी घाईत बघितलेलं नाही. देवळाचा केर काढायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दुसरा अख्खं अंगण सारवून मोकळा होईल. लांज्यापासून आत, कातळाच्या सड्यावर त्याचं गाव. गावात वाघजाईचं देऊळ, आणि देवळात कौल लावायचा मान सखारामचा. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवायच्या, देवीच्या पाषाणाच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. म्हैस घ्यायची असो, विहीर खणायची असो, सोयरीक असो, देवीला विचारल्याबिगर गाव हलत नाही. हल्ली बारावीचा निकाल लागला की मंगळवारी पोरांना पुढे घालून आईबाप येतात. कॉलेज कुठलं घ्यायचं तेही देवीनंच सांगायचं.

आधी सखाराम येईल त्याला कौल लावून देई. मग गावातल्या नितेशचं झालं. त्याच्या बापसानं विचारलं, पोराला इंजिनेर करू काय, आणि उजवी कळी पडली. बापूस खूश. हातखंब्याच्या नाक्यावर एका कॉलेजाचा भलामोठा बोर्ड होता, काचेची इमारत, हसरी पोरं. तिथला नंबर फिरवून त्यानं पोराला नेऊन घातला. वर्कशॉपातल्या मशिनींवरचं प्लास्टिक कोणी काढलेलं नव्हतं, आणि शिकवणाऱ्यांची नावं पाठ होईपर्यंत ते सोडून जात. नितेश परत आला, टेम्पो चालवायला लागला. बापूस देवळात येऊन भांडला, देवीन हो सांगितलान तर असां कसां झालां.

सखाराम बोलला, "तू इचारलंस इंजिनेर करू काय. देवी हो बोलली. कुठल्या कॉलेजात, ता इचारलंस? बोर्ड बघून म्हैस घेतली असतीस काय रे?"

तेव्हापासून त्यानं नेमच केला. कॉलेजाचा कौल पाहिजे तर आधी जाऊन बघून यायचं, तेही पुढच्या दारानं नाही. ऑफिसातला माणूस गोडच बोलणार, त्याला पगार त्याचाच. कँटीनमधे बसा, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, मास्तर जवळ नसताना विचारा. शिकवणारे टिकतात काय? गेल्या साली बाहेर पडलेली पोरं आज कुठं आहेत? मान्यतेचा कागद डोळ्यांनी बघितलास की नुसता ऐकलास? मे महिन्यात वसतिगृहात पाणी असतं काय? न बघता कोणी आला की सखाराम त्याला परत लावी. प्रश्न कच्चा आहे, पिकवून आण, म्हणे. हा गुरव की तहसीलदार, असं लोक बोलत, पण जात. काही जण बघून आले की त्यांना कौलाची गरजच उरत नसे, देवीसाठी आणलेला नारळ घरच्या आमटीत जाई. हे रावजीला खपत नव्हतं. रावजी गावचा पहिला मानकरी, त्याच्याशिवाय कौल होत नाही. सखाराम देवीचं गिऱ्हाईक तोडतो, असं तो तोंडावर सांगे.

मग पाळी सखारामच्याच घरावर आली. त्याची पोरगी ज्ञानेश्वरी बारावी झाली. तिला नर्सिंग करायचं होतं आणि पुढ्यात दोन कॉलेजं होती. एक हायवेलगत नवीनच निघालेलं, संध्याकाळच्या एसटीनं घरी येता येईल असं. दुसरं घाट चढून कोल्हापुराकडे, मोठ्या हॉस्पिटलला जोडलेलं, तिथं राहावं लागणार. तिनं फोनवरून पुढच्या वर्गातल्या मुलींना गाठून चौकशी केली होती. जवळच्या कॉलेजाला स्वतःचं हॉस्पिटल नाही, बाहुल्यावर इंजेक्शन शिकवतात आणि आठवड्यातून एकदा गाडीत घालून कुठल्यातरी दवाखान्यात उभं करून आणतात, असं तिनं बापसाला सांगितलं. सखारामनं ऐकून घेतलं. पोरगा मुंबईला, शिमग्या-गणपतीला पाहुण्यासारखा येणारा. घरात सवय होती ती या पोरीची. पाठवायची नसेल तर तसं सरळ सांगा, असं त्याची बायको मालन दोनदा बोलली. पण नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. ते देवीच्या तोंडून वदवावं म्हणून तो बोलला, मंगळवारी कौल लावू.

मंगळवारी रावजी होता, आणखी पाचसहा माणसं होती. ज्ञानेश्वरीनं पाण्याचा तांब्या धरला. सखारामनं कळ्या लावल्या, पोरीला घाटावर पाठवू काय म्हणून गाऱ्हाणं घातलं. ते पुरं होतंय न होतंय तोच डावी कळी खाली आली. रावजीनं हात जोडले. विषय मिटला.

घरच्या पायरीवर पोरगी थांबली.

"बाबा, डावी कळी तुमी बुडवलीत नाय."

"काय बोलतंस?"

"एकच बुडवलीत. सुकी चिकटंल कशी? तांब्या माझ्याच हातात हुता." मग बोलली, "आनी ता कॉलेज तुमी बघून तरी कुठं आलात?"

सखाराम तिच्यावर खेकसला, देवीच्या कामात नाक खुपसू नको म्हणाला. पण पडवीत बसल्यावर त्यानं स्वतःची बोटं चोळून बघितली. डाव्या हाताची बोटं ओली झाल्याचं त्याला आठवेना. मुद्दाम केलं की हातानं परस्पर केलं, ते त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात पोरीला घेऊन तो घाट चढला. ऑफिसात गेलाच नाही. पेशंटची माणसं बसतात त्या बाकावर जाऊन बसला. वॉर्डात एक शिकाऊ मुलगी म्हाताऱ्याच्या पाठीची जखम धूत होती, मागे सिस्टर उभी. पट्टी नीट बसली नाही तशी सिस्टरनं ती सोडायला लावली. मुलीनं तोंड वाकडं केलं आणि परत बांधली. कँटीनमधे सावर्ड्याची एक पोरगी भेटली. ती म्हणाली, जेवण वाईट आहे, पाणी सकाळचंच येतं, सिस्टर रोज ओरडतात, पण हात बसतो. आधीच्या मुली कुठं कुठं लागल्या ते तिनं नावानिशी सांगितलं. दोघी लग्न करून घरी बसल्या तेही सांगितलं. उतरताना सखाराम हायवेवरच्या कॉलेजातही डोकावला. तिथं गार ऑफिस होतं, गुळगुळीत पुस्तक होतं, चहा मिळाला. चहा त्यानं घेतला.

आता पेच होता. पोरीला तशीच पाठवली, तर गुरवानंच कौल मोडला असं होणार, आणि मग गावात तो पाळणार कोण? परत कौल लावावा, तर पडलेला कौल दुसऱ्यांदा लावत नाहीत. सुकी कळी कबूल करावी, तर गुरवाची सगळी पत असते ती हातात.

पुढच्या मंगळवारी माणसं जमल्यावर त्यानं सुक्या कळीचं सांगून टाकलं. रावजी तोंडातलं पान चघळत राहिला.

"मुद्दाम केलंस?"

"ठावूक नाय. पन सुकी हुती ता खरां."

"मंग आमच्या हिरीच्या येळेला पन सुकीच हुती काय रे?" मागून कोणीतरी बोललं. त्याच्या विहिरीला पाणी लागलं नव्हतं. माणसं हसली. रावजी मात्र हसला नाही.

रावजीनं पान थुंकून निवाडा केला. तो कौल धरायचा नाही. दसऱ्यापर्यंत सखारामनं कळीला हात लावायचा नाही, त्याचा पुतण्या लावील. आणि इथून पुढे ज्याचा प्रश्न त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही कळ्या बुडवून सगळ्यांना दाखवायच्या. सखाराम बरं म्हणाला. मग पोरीच्या कॉलेजाचं देवीला नव्यानं विचारायचं काय, असं कोणी काढलं.

"काय नको," रावजी बोलला. "तो बघून आलाय ना? मंग देवीला कशाला मधी घालता."

ज्ञानेश्वरी गेली. मालननं तिच्याबरोबर तांदळाच्या पिठाची पिशवी आणि सुका जवळा दिला. वसतिगृहात जवळ्याच्या वासावरून तक्रार झाली म्हणे.

पुतण्या कौल लावायचा तो फटाफट, बघून आलास काय वगैरे विचारत नसे. बऱ्याच जणांना ते आवडलं. दसरा झाल्यावर कळ्या परत सखारामच्या हातात आल्या, पण विहिरीवाले आणि म्हशीवाले काही परत आले नाहीत, ते पुतण्यालाच धरून राहिले. सोयरिकीवाले कधी इकडे, कधी तिकडे. सखाराम सकाळी देवळाचा केर काढतो. तांब्या भरून पुढ्यात ठेवतो आणि येणाऱ्याला म्हणतो, बुडव.