चुरगळलेला शर्ट

इस्त्रीवाल्या मावशीच्या हाताखालून तीस वर्षांत किती कपडे गेले, ते देवालाच ठाऊक. चुरगळलेलं कापड दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. त्या हातांनीच या वेळी घोळ घातला.

तिची भाची सिनेमा शिकत होती. परीक्षेसाठी एक मित्र आणि एक मैत्रीण यांना धरून ती दहा मिनिटांचा सिनेमा करत होती, तोही मावशीच्या मागच्या खोलीत. सिनेमात घर सोडून आलेली दोघं खिडकीत बसून जगभर भटकायची, चित्रं काढून पोट भरायची स्वप्नं बघतात.

"आधी चूल कोण पेटवणार, ते ठरवा म्हणावं," मावशी म्हणाली होती.

शेवटी तो निघून जातो आणि ती त्याचा शर्ट उराशी धरून बसते. हा प्रसंग निम्मा काल झाला, निम्मा आज व्हायचा होता. मागून आणलेला कॅमेरा दुपारी परत द्यायचा होता.

सकाळी भाची खोलीत गेली आणि किंचाळलीच. खुर्चीवर शर्ट कडक इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला.

"मावशी, काय केलंस हे! काल तो पार चोळामोळा होता!"

"मला काय ठाऊक, तुमच्यात चुरगळलेलंच लागतं ते?"

नायक झालेला मुलगा म्हणाला, "वाट बघता बघता तिनं इस्त्री करून टाकली, असं दाखवू."

भाची हसली नाही. "शेवटच गेला गं माझा."

मावशीनं मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि चष्मा लावला. "कालचं दाखव."

कॅमेऱ्यात ती बराच वेळ शर्टच न्याहाळत राहिली. मग हात ओले करून तिनं बाही पिळली, पाठीचा भाग मांडीखाली दाबला. "ही कोपराची. ही टेकून बसल्याची." एकेक सुरकुती परत आली. कॉलरपाशी मात्र ती थांबली.

"ही मला जमायची नाही. ही मुठीत धरल्याची आहे." तिनं शर्ट नायिकेपुढे केला. "काल कुणाला आठवून धरलास, बाळ?"

"सिनेमाच होता हो तो, मावशी," ती मुलगी खाली बघत म्हणाली.

"मग तसाच धर आज."

तिनं धरला. कॅमेरा सुरू झाला. नायकाचंसुद्धा हसू गेलं.

दुपारी पोरं कॅमेरा घेऊन धावली. मावशीनं गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यातला दुसराच एक शर्ट उचलला. कॉलरपाशी मुठीएवढी सुरकुती. अशा कितीतरी तिनं आजवर घालवल्या होत्या, एकदाही न बघता. इस्त्री तापली होती. तिनं ती जरा वेळ उभीच ठेवली.