अमायी झिओने आणि संख्याशास्त्राचा तास

झिओने न्यांगुलू, ज्यांना आम्ही मानानं अमायी म्हणायचो, झोंबा शहरातल्या आमच्या विद्यापीठात आल्या, तेव्हा त्यांचं काम नेमकं काय हे कुणाला कळेना. वर्गातल्या प्रत्येकाला उमजेल असं शिकवायला प्राध्यापकांना मदत करायची, असं नेमणुकीच्या कागदावर होतं. वीस वर्षं खेड्यातल्या शाळेत शंभर-शंभर पोरांचे वर्ग सांभाळलेली ही बाई. ती विद्वानांना काय शिकवणार, असे टोमणे येता-जाता पडायचे. मी त्यांच्याच खोलीत टायपिंगला होते, मलाही ऐकू यायचे. अमायी मान खाली घालून स्वेटर विणत राहायच्या.

एक दिवस तादाला नावाची विद्यार्थिनी आली. तिला जन्मापासून दिसत नाही. संख्याशास्त्र सोडायचंय म्हणाली. आपल्याला तेवढं डोकंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. अमायींनी तिची समजूत घातली नाही. तो विषय शिकवणाऱ्या डॉक्टर कामवेंडोंची परवानगी काढली आणि मंगळवारी त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, डोळे मिटून.

दुपारी खाणावळीत डॉक्टर तडक आमच्या टेबलाशी आले.

“मला मुळाक्षरं शिकवायला आलात बाई, आणि वर्गात स्वतःच झोपता?”

“बसा डॉक्टर, आधी जेवा.” अमायींनी न्सिमाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचं, ताट आणि भेंडीचं कालवण त्यांच्याकडे सरकवलं. “कालवण कसं करतात सांगू? हे घ्यायचं, त्यात ते घालायचं. हे असं झालं, की ते उतरवायचं.”

डॉक्टरांना हसू आलं. “यावरून कुणी काय रांधणार?”

“तादालाच्या कानावर एवढंच पडतं. याला यानं भागा, ते तिकडे न्या. असे ‘हे’ आणि ‘ते’ चव्वेचाळीसपर्यंत मोजले मी, मग सोडून दिलं.”

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. “ती इतकी लक्ष देऊन ऐकते,” ते हळूच म्हणाले, “मला वाटायचं, कळतंय तिला.”

पुढच्या मंगळवारपासून ते फळ्यावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणू लागले. जीभ सारखी ‘ते’वर घसरायची. मग अख्खा वर्ग विचारायचा, ‘ते म्हणजे काय, सर?’ पहिले दोन आठवडे ते चिडले. नंतर लक्षात आलं, की दिसणाऱ्या पोरांनाही ‘ते’ कधी कळलेलंच नव्हतं. आजवर विचारायची हिंमत नव्हती, इतकंच. अमायी त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक तासाची तयारी करायच्या. तादालासाठी आलेख जाड दोऱ्यानं पुठ्ठ्यावर शिवायचं काम मात्र त्यांनी माझ्या गळ्यात घातलं.

तादाला पास झाली. पहिली वगैरे नाही आली, पण पुढच्या वर्षी तिनं तोच विषय घेतला.

त्यानंतर एका सकाळी एक नवखा प्राध्यापक आमच्या दारात अवघडून उभा राहिला. त्याला डॉक्टरांनी पाठवलं होतं.

“ते म्हणाले, ‘जा, अमायींपाशी बस थोडा वेळ. मी बसलो, माझं काही कमी झालं नाही.’”

अमायींनी त्याला खुर्ची दिली आणि मला चहा टाकायला सांगितला.