सहाव्या घंटेचा दोर

इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलच्या ऑफिसपासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात आम्ही घर घेतलं, कारण बायकोला खिडकीतून झाडं दिसायला हवी होती. खेड्यात एक चर्च, एक पब आणि एक बंद पडलेलं पोस्ट ऑफिस होतं. पोस्ट ऑफिस बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण गाव त्याचं दुःख रोज नव्याने करत असे.

रजेच्या एका बुधवारी मी चर्च बघायला गेलो. आत कोणी नव्हतं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आमच्या तालुक्याच्या गावात पोराला अक्षरओळखीच्या आधी एक गोष्ट शिकवतात: देवळात शिरताना पायातलं बाहेर काढायचं आणि घंटा वाजवायची. देव कोणाचा, ही चौकशी करत नाहीत. मी बूट दारात काढले. मनोऱ्याखालच्या खोलीत बरेच दोर लोंबत होते. त्यातला भिंतीलगतचा साधासा होता. तो ओढला.

घंटा एकदाच वाजली, पण सगळ्या खेड्यावर वाजली. मी हात जोडले आणि रंगीत काचा बघत बसलो.

गावाची जुनी रीत मला नंतर कळली. रविवार सोडून एरवी ही मोठी घंटा एकटी वाजली की गावातलं कोणीतरी गेलं. आमच्या शेजारच्या बाई, निवृत्त नर्स, न्यूमोनियातून उठून नुकत्याच घरी आल्या होत्या, त्यामुळे गावाला फार विचार करावा लागला नाही. पबचा मालक टोपी हातात धरून त्यांच्या दाराशी गेला. दार त्यांनीच उघडलं.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे बघ."

त्यानंतर एक शेजारीण दुखवट्याचा म्हणून घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आली. तो त्यांनी ठेवून घेतला. मग कोट चढवून त्या चर्चमध्ये आल्या.

"दारातले बूट तुझे?"

"हो."

"कोण गेलं?"

"कोणी नाही. मी आलो."

त्या बाकावर बसल्या. त्यांना धाप लागली होती. मी आमच्याकडची रीत समजावून सांगितली. त्यांनी नर्स ऐकते तसं सगळं ऐकलं आणि विचारलं, "दर मंगळवारी संध्याकाळी मोकळा असतोस?"

गावातल्या घंटा वाजवणाऱ्यांच्या त्या प्रमुख होत्या. घंटा सहा होत्या, वाजवणारे पाच उरले होते. सहाव्या घंटेचा दोर त्यांच्या नवऱ्याचा होता. नवरा गेल्यापासून वाजवायला तो कोणी धरला नव्हता. छातीमुळे त्यांना स्वतःला आता दोर ओढायला मनाई होती. हार्वेस्ट फेस्टिव्हल, म्हणजे इथली सुगीची पूजा, झाली की त्या डेव्हनला मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. जाण्याआधी त्यांना सहाही घंटा एकत्र ऐकायच्या होत्या.

"गावात विचारून झालं," त्या म्हणाल्या. "ज्यांची पाठ दुखत नाही त्यांना फुटबॉल असतो."

"मी हिंदू आहे. चालेल?"

"डावखुरा आहेस?"

"नाही."

"मग चालेल."

मनोऱ्याच्या भिंतीवर जुन्या वाजवणाऱ्यांच्या नावांच्या पाट्या होत्या. पिढ्यानपिढ्या तीच चार आडनावं फिरून येत होती. बाई लहान असताना, दुसऱ्या महायुद्धात, घंटा बंद ठेवायचा हुकूम होता. वाजल्याच तर शत्रू उतरला असं समजायचं.

"तू तेव्हा आला नाहीस ते बरं झालं," त्या म्हणाल्या.

मी फोनवर वडिलांना सांगितलं.

"तिकडं दोरी ओढायला पण इंजिनिअर लागतो काय?"

"शिकवतात, बाबा."

"आम्हाला नाही कोणी शिकवलं. सिंगल बेलला थांबायचं, डबल बेलला निघायचं. दोर जाड आहे का? तळहात जप."

या घंटा वाजवण्यात सूर नसतो. सहा जणांनी ठरल्या क्रमाने एकामागून एक ओढायचं, एवढंच. तरी प्रत्येक मंगळवारी मला उशीर व्हायचा. फेस्टिव्हल जवळ आला, तेव्हा पाच जण आपसात हळू बोलू लागले. ते माझ्याशी जास्तच गोड बोलू लागले, हे लक्षण वाईट होतं.

"तू वाट देतोस," बाई शेवटी म्हणाल्या. "प्रत्येकाला आधी जाऊ देतोस."

ते खरं होतं. पाचही जण माझ्या वडिलांच्या वयाचे होते, आणि मोठ्यांच्या आधी हात पुढे करायचा नाही, यावर आमच्या शाळेने बरीच मेहनत घेतली होती. हे मी वडिलांना सांगितलं.

"ड्रायव्हर माझ्याहून वयानं मोठा होता," ते म्हणाले. "बेल मारायची का, असं विचारत बसलो असतो तर गाडी आजपण स्टँडातच असती."

फेस्टिव्हलच्या रविवारी वेदीपुढे भोपळे, कांदे आणि डबाबंद सूप मांडलं होतं. मला त्या सगळ्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली, सुपाबद्दलसुद्धा. बाई बाहेर नवऱ्याच्या थडग्याजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या. पाच वडीलधाऱ्यांसमोर मी दोर धरला आणि माझी पाळी आली तेव्हा कोणाला वाट दिली नाही.

वाजवून झाल्यावर मी बाहेर गेलो. बूट या वेळी पायातच होते. बाई मनोऱ्याकडे बघत होत्या.

"दोनदा उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यालाही तिथेच व्हायचा."