बांधीवाली माय

वस्तीत कोणाच्याही घराचा पाया खणायला घेतला की बांधीवाली माय न बोलावता हजर. नारळ फुटायच्या आत ती घरमालकाला विचारायची, "घर बांधा, पर पानी कोठून जाईल?" आमच्या वेळीही तिने हेच केलं. मी तेव्हा नवी नवरी. ऐन मुहूर्ताला कोण ही बाई खणलेल्या खड्ड्यात उतरून उभी राहते, म्हणून मला तिचा असा राग आला होता!

पुढे कळलं की तिचं बरोबर होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. गोंदियाच्या आमच्या कडेला नुसत्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं होती. तलावाचं पाणी वरच्या बांधीत यायचं, बांध थोडा फोडला की खालच्या बांधीत उतरायचं, आणि सगळ्यांत खाली मायची बांधी. स्टेशनात, गिरण्यांत कामं वाढली तसे वरचे लोक एकेक तुकडा विकत गेले. त्यावर बाबू लोकांची कौलारू घरं उठली. आमचं त्यातलंच एक.

माय मात्र विकायला तयार नव्हती. एक ठेकेदार तिच्या फार मागे लागला होता. "अम्मा, अच्छा दाम दिला दूँगा," तो म्हणायचा. "अन् माह्या मायचा धान कोठं पेरू? तुह्या डोस्क्यावर?" ती विचारायची. तांबूस टोकाचं, बारीक दाण्याचं ते धान आईने लग्नात मडक्यात भरून तिच्यासोबत दिलं होतं. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. दरवर्षी ते पेरायचं आणि त्यातलंच बियाणं राखायचं, एवढाच तिचा संसार. "मडक्यात ठेवून ठेवून धान मरते, बाई," ती मला सांगायची. "त्याले दरसाल मातीच पायजे."

रोज सकाळी ती कुदळ घेऊन आमच्या घरांमधून तिच्या बांधीकडे जाणारा पाण्याचा पाट मोकळा करत फिरायची. पाटात काही सापडलं की तिचं तोंड सुटायचं. "कायले राख टाकून रायली वं? मी येऊन तुह्या चुलीत पानी ओतू का?" माझ्या सासूबाईही कमी नव्हत्या, दोघींची चांगली जुंपायची. तासाभराने तीच माय ओट्यावर मूठभर भाजी ठेवून जायची, आणि सासूबाई ती मुकाट्याने निवडायला घ्यायच्या.

मग वरच्या अंगाला एक गोदाम उठलं आणि त्याच्या भिंतीने पाट कायमचा बंद झाला. आदल्या वर्षी पीक अर्धंच आलं होतं, त्यामुळे होतं नव्हतं ते सगळं बियाणं तिने पेरलेलं. रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाली होती आणि पाणी नाही. सकाळभर ती भिंतीसमोर बसून राहिली. वस्तीला कळवळा आला. आमच्या घरच्यांनीच पुढाकार घेतला, चार पुरुष जमवले आणि सगळ्या मोऱ्यांचं पाणी मायच्या बांधीत वळवून दिलं. आपण केवढं पुण्य केलं, असं आम्हाला वाटलं. धानही काळंभोर होऊन कमरेच्या वर गेलं. जाणारे-येणारे थांबून म्हणायचे, "माय, औंदा मजा हाये तुही!"

ती एकटी हसत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "नुसता पालाच हाये, बाई. दाना कोठं हाये?"

मोऱ्यांच्या पाण्याने माजलेलं सगळं पीक दिवाळीच्या सुमारास आडवं झालं. मायने एक लोंबी घेतली, दाणा दाताखाली धरला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे पोचट. ती वाकून बांधीभर भरलेले दाणे शोधत फिरली. मीही तिच्या मागे शोधत होते. ऊन उतरलं तेव्हा तिच्या पदरात चिमूटभर दाणे होते.

"तुमी चांगलंच कराले गेले होते," ती म्हणाली. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माय, एवढे तरी राखून ठेव ना," मी म्हटलं.

"कोठं पेरू? मोरीच्या पान्यात?"

तिने नखाने एकेक दाणा सोलला. निम्मे स्वतःच्या तोंडात टाकले आणि निम्मे माझ्या हातावर ठेवले.

"खा," ती म्हणाली. "माह्या मायचा होता."

मी खाल्ले.