निरोगी गटातली गाय

पुराव्यावाचून सख्ख्या भावावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे चेन्नईतले माझे घरमालक. मी गिंडीच्या कारखान्यात नवखा इंजिनियर, ते तंजावरी मराठी आणि पेशाने सरकारी खात्यात जनावरांचे डॉक्टर. तिरुवल्लिकेणीतल्या घराची वरची खोली देताना त्यांनी मला महिनाभर निरीक्षणाखाली ठेवलं होतं. मला ताप आला की थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत धरायचे, कारण तुलनेला निरोगी माणूस हवाच. एकदा सांबाराच्या नव्या मसाल्याची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी काकूंना, म्हणजे आपल्या पत्नीला, नंबर घातलेल्या दोन वाट्या आणायला लावल्या. त्या माउलीने दोन्हींत एकाच पातेल्यातलं सांबार वाढलं. यांनी पहिल्या वाटीला चार गुण दिले, दुसरीला आठ, आणि वर कारणंही सांगितली. काकूंनी हे त्यांना कधीच कळू दिलं नाही. मला मात्र दर सणाला ऐकवलं.

त्यांचा ध्यास एकच, गाईंचा क्षय. गाईच्या कातडीत चाचणीचं औषध टोचायचं आणि तीन दिवसांनी सूज मोजायची, ही जुनी रीत. त्याऐवजी रक्तातलं एक एन्झाइम मोजून रोग लवकर ओळखता येतो का, हे ते चार वर्षं पडताळत होते. आजारी गाईंचं रक्त ताडून पाहायला निरोगी गाईंचा एक गट लागतो. त्या गटात पहिला नंबर त्यांच्याच अंगणातल्या लक्ष्मीचा. बाकी सगळ्या गाईंना दोनदोनदा टोचलं, हिला एकदाही नाही. मी विचारलं तर म्हणाले, आपलीच तर गाय, रोज तिचं दूध पितो. जगाकडे पुरावा मागणारा हा गृहस्थ घरच्या गाईपुढे अगदी भाबडा व्हायचा.

अहवाल लिहिताना तिचीही नोंद हवी, म्हणून शेवटी तिला टोचलं. तिसऱ्या दिवशी मानेवर सूज. त्यांनी ती सहा वेळा मोजली. लक्ष्मीला क्षय होता, आणि तिचंच रक्त निरोगी धरून त्यांनी इतर गाई तोलल्या होत्या.

काकू म्हणाल्या, तिचा नंबर गाळून टाका, कोणाला कळणार आहे? मीही मान डोलावली. कारखान्यात आम्ही दर महिन्याला असं काहीतरी गाळतच होतो. ते आपल्या तंजावरी बोलीत म्हणाले, "हिला गाळलं तर बाकीच्या गाईंचं काय करूं? त्याही कोणाच्या तरी घरच्याच अहेत."

अहवालाच्या पहिल्याच पानावर त्यांनी स्वतःची चूक लिहिली आणि सगळी आकडेमोड नव्याने मांडली. खात्यातली त्यांची बढती दुसऱ्याला मिळाली. तिचं दूध पिणाऱ्या आम्हा तिघांच्या छातीचे फोटो निर्दोष निघाले, तरी त्यांनी ते पुन्हा काढायला लावले. लक्ष्मीची रवानगी आवडी या उपनगरापलीकडच्या वेगळ्या गोठ्यात झाली. दर रविवारी ते गाडीने तिला बघायला जात. एकदा मीही गेलो. जनावराला हात लावू नये, ही कुंपणावरची सूचना त्यांच्याच सहीची. लक्ष्मी चालत आली आणि तिने मान पुढे केली. ते दोन पावलं मागे सरले. तिने मान काही काढून घेतली नाही. मला त्या माणसाची इतकी माया कधीच वाटली नव्हती.

"तुम्ही जरा तिकडे पाहा," ते हळूच म्हणाले.

मी कुंपणाकडे पाठ केली आणि ते हाक मारेपर्यंत तसाच उभा राहिलो.