भरतीच्या वेळी मी कुठे होतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय — धीर आलाय म्हणून? छे.

बहात्तर सालचा हिवाळा. मी श्रीगोंद्याला शाळेत मास्तर होतो. थोरली बहीण, आक्का, मिरजगावला दिलेली. दाजींनी, म्हणजे तिच्या मालकांनी, लष्करातून निघालेली एक जुनी जीप घेतली होती. त्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला, जीप मात्र मी चालवायचो. त्या साली आमच्याकडे विहिरींचे तळ दिसत होते. आक्का एकदा सहज बोलून गेली, की खूप पाणी कसं दिसतं ते एकदा बघायचंय. दाजींनी ते मनावर घेतलं. "मास्तर, काढा गाडी. हिला समुद्रच दावू."

घाट उतरून अलिबाग गाठलं आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली निघालो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सरळ खाली काळे खडक, आणि त्यांवर आपटणारं पाणी. समोरून एस.टी. आली की मला जीप मागे घ्यावी लागायची. आक्का मागे बसून हसत होती. प्रत्येक पडका बुरूज दिसला की दाजी गाडी थांबवायला लावायचे. मला भीती वाटतेय, हे त्या दोघांना मी कळू दिलं नाही. तेव्हाच कळू दिलं असतं तर?

दुपारी एका कोळीवाड्यापाशी थांबलो. गावाचं नाव सांगत नाही. समोर पाण्यात छोटा किल्ला होता. ओहोटी होती, वाळूवरून चालत जाता येत होतं. दोघं निघाली. मी म्हणालो, इंजिन तापलंय, मी गाडीपाशी थांबतो. इंजिन तापलं नव्हतं.

बराच वेळ झाला. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी माझ्याकडे आली. "पावणं, ती तुमची मानसं ना? पानी भरायला लागलंय. आत्ता जाऊन बोलवा, मंग वाट नाय ऱ्हायची."

मी हॉर्न वाजवला. वाऱ्यापुढे तो कुठला ऐकू जातोय! मग चपला काढून पाण्यात उतरलो. लाट मागे सरली आणि तळव्यांखालची वाळू सरकली — सगळी जमीनच कुणीतरी ओढून नेतंय असं वाटलं. मी परत फिरलो. पोहता येत नव्हतं असं समजू नका. विहिरीत मी चांगला पोहायचो. म्हातारीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती वाड्यातल्या गड्यांना बोलवायला धावली. मी जीपच्या आडोशाला उभा राहिलो. हो, आडोशाला.

गडी जमायला बराच वेळ गेला. दोघं किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर आली तेव्हा मधल्या वाटेवर पाणी चढलं होतं. दाजींनी आक्काचा हात घट्ट धरला होता. पाणी कमरेला आलं, मग छातीला. "रघूऽ!" आक्काने हाक मारली. दोनदा. एक मोठी लाट आली, आणि ती गेल्यावर मला फक्त आक्का दिसली.

तेवढ्यात कोळ्यांनी होडी लोटली. किनाऱ्यावरच्या सगळ्यांच्या नजरा होडीवर होत्या. आणि मी — हेच मला सांगायचंय, हेच इतका वेळ टाळतोय — मी काठच्या उथळ पाण्यात खाली बसलो आणि गळ्यापर्यंत भिजून घेतलं. केसही भिजवले. इतक्या भीतीतही मला ते सुचलं.

आक्काला आणलं तेव्हा मी धावत गेलो. तिने माझा ओला सदरा मुठीत धरला. "तू बी आत गेल्तास व्हय रं?"

मी मान डोलावली.

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी खडकांत सापडले. गावी बातमी पोचली ती अशी, की मेहुण्यासाठी मास्तर छातीएवढ्या पाण्यात गेला. लोक मला धीर द्यायला येत. ती म्हातारी होडीवाल्यांबरोबर परत आली होती, तिने माझे ओले कपडे पाहिले होते आणि ती काही बोलली नव्हती. का बोलली नाही? कित्येक वर्षं दारात अनोळखी बाई दिसली की वाटायचं, आली सांगायला.

त्या वेळी घरी ठेवलेली दोन्ही पोरं आक्काने एकटीने वाढवली. आता तिला नीट दिसत नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं, की ती माझ्या डोक्यावर हात ठेवते आणि नातवंडांना सांगते, "ह्यो माझ्यासाठी दर्यात उतरला हुता." पोरं माझ्याकडे बघतात. मी ताटातला लाडू खातो. या वर्षीही खाल्ला.

म्हातारीने सांगितलं तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. किल्ला फार तर तीनशे पावलांवर होता. मी चार पावलं टाकली.