कुसुममावशी लेफ्ट

आज दुपारी आईने फोन माझ्यापुढे धरला. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं, 'कुसुम लेफ्ट'.

"लेफ्ट म्हणजे डावीकडे ना? ही कुठे वळली?"

मला हसू आलं. म्हटलं, "अगं, सोडून गेली, असाही अर्थ होतो. मावशींनी ग्रुप सोडलाय."

आईचा चेहरा उतरला. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "आणि जे उरलं, त्यालाही लेफ्टच म्हणतात."

"आम्ही बारा जणी होतो," ती म्हणाली. "आता पाचच उरलोय. चल, ऑटो बोलव."

फ्रीगंज भागातल्या घरी कुसुममावशींनीच दार उघडलं. आवाज अगदी घोगरा झाला होता. "गळ्याच्या ऑपरेशननंतर गाता येत नाही गं. मग ग्रुपमध्ये राहून काय करू? मन नहीं लगता."

"टाळ वाजव," आई म्हणाली. "नाहीतर नुसती माझ्याजवळ बस."

मावशींनी पदर सारखा केला. मग मला म्हणाल्या, "जोड गं मला परत." मी आईच्या फोनवरून लगेच जोडलं.

तुमच्या ग्रुपमधून कुणी असं गुपचूप गेलं, तर तुम्ही विचारायला जाता का? मी आजवर कधीच गेले नव्हते.